नोकरी सोडणाऱ्याला अडवायचे का? क्लस्टरांमागच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या केंद्रीय नियामकाने २३ एप्रिल २०२४ रोजी नॉन-कॉम्पिट करारांवर, म्हणजे नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायला किंवा तोच धंदा काढायला मज्जाव करणाऱ्या करारांवर, देशभर बंदी घालणारा नियम मंजूर केला. तो ४ सप्टेंबरला लागू व्हायचा होता, पण त्याआधीच, २० ऑगस्टला, टेक्सासमधल्या न्यायालयाने तो रद्द ठरवला. सप्टेंबर २०२५ मध्ये नियामकाने अपीलही सोडून दिले. ही बातमी सगळीकडे कामगार कायद्याची म्हणून छापून आली. पण एकाच धंद्यातल्या कंपन्या एका पट्ट्यात दाटीने वसल्या (यालाच क्लस्टर म्हणतात) की एकीकडचे शहाणपण दुसरीकडे कसे पोहोचते, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे. आणि शहाणपण पोहोचवण्याचे सर्वांत जुने वाहन म्हणजे नोकरी बदलणारा माणूस.

हे नवीन नाही. शेफील्डची सुऱ्या-कात्र्यांची कारखानदारी आणि लँकेशायरच्या कापडगिरण्या डोळ्यांसमोर ठेवून केंब्रिजच्या एका अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच एकत्र वसण्याचे तीन फायदे सांगितले होते: कसबी मजूर हाताशी मिळतात, पूरक धंदे शेजारी उभे राहतात आणि कामातल्या खुब्या सर्वांच्या होतात. पुढे १९७०च्या दशकात इटलीतल्या सासुओलो परिसरात याचा धडधडीत पुरावा मिळाला. तिथे फरशा दोनदा भाजण्याऐवजी एकदाच भाजण्याची पद्धत आली. ती एका कारखान्यात अडकून राहिली नाही, कारण भट्ट्या आणि प्रेस बनवणारे शेजारीच होते. एका गिऱ्हाइकाकडे काय बिघडले ते पाहून पुढच्या गिऱ्हाइकाची भट्टी ते सुधारून देत. फरशीच्या कारखान्यातला तंत्रज्ञ उठून स्वतःचे युनिट टाकतो, हेही तिथे नित्याचे होते.

मात्र आजचा वाद तापला तो कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्यावरून, म्हणजे आजच्या सिलिकॉन व्हॅलीवरून. १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरच्या एका सहसंशोधकाने तिथे प्रयोगशाळा काढली. त्याच्या कारभाराला कंटाळून सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले. पूर्व किनाऱ्यावरच्या एका कॅमेरा कंपनीने त्यांना सुमारे १३.८ लाख डॉलर दिले आणि पुढे ३० लाखांत कंपनी पूर्ण विकत घेण्याचा हक्क राखून ठेवला. या नव्या कंपनीत १९५९ मध्ये प्लेनर पद्धत सापडली, म्हणजे सिलिकॉनवरचा ऑक्साइडचा थर न काढता त्याखालीच ट्रान्झिस्टरचे सांधे सुरक्षित ठेवायचे. आजही चिप बनते ती याच पायावर. १९६८ मध्ये त्या आठांपैकी दोघे पुन्हा बाहेर पडले आणि त्यांनी आणखी एक कंपनी काढली. १९६९ मध्ये आठांच्या त्या मूळ कंपनीतूनच आणखी काही जण निघाले. दरवेळी डोक्यातले ज्ञान सोबत गेले आणि भट्ट्या, मास्क, रसायने पुरवणारे मात्र तेच राहिले.

त्याच काळात बॉस्टनभोवतीच्या रूट १२८ रस्त्यालगत मिनिकॉम्प्युटरच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या संगणकांच्या, बलाढ्य कंपन्या होत्या. विद्यापीठे तितकीच नावाजलेली, संरक्षण खात्याचा पैसाही भरपूर. तरी १९८०च्या दशकाअखेर त्या ढासळल्या आणि कॅलिफोर्निया पुढे निघून गेला. असे का? १९९४ मध्ये एका महिला अभ्यासकाने उत्तर दिले ते संस्कृतीचे: पूर्वेकडच्या कंपन्या सगळे घरातच बनवत आणि माणसे जन्मभर एकाच ठिकाणी राहत, तर पश्चिमेकडे कामे वाटून दिली जात आणि माणसे फिरती असत. हे वर्णन बिनचूक आहे. पण संस्कृती आली कुठून, हा प्रश्न उरतोच. १९९९ मध्ये कायद्याच्या एका प्राध्यापकाने त्याचे उत्तर थेट कायद्याच्या पुस्तकात शोधले, आणि खरी वादावादी तिथून सुरू झाली.

कॅलिफोर्नियाच्या व्यवसायविषयक संहितेचे कलम १६६०० सांगते की कोणालाही कायदेशीर धंदा, पेशा वा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. धंदा विकणाऱ्या मालकाला किंवा फुटलेल्या भागीदारीला अपवाद आहे, साध्या नोकरदाराला नाही. किती महिने, किती मैलांच्या परिसरात, कोणते काम, अशी कोणतीही वाजवी मर्यादा घातली तरी असा करार टिकत नाही. बॉस्टन ज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्स राज्यात उलट, न्यायालये त्या मर्यादा तपासून वाजवी वाटणारा करार लागू करत. एका राज्यात सोमवारी राजीनामा देऊन मंगळवारी समोरच्या इमारतीत रुजू होता येई, तर दुसऱ्यात वर्षभर घरी बसावे लागे किंवा वकील गाठावा लागे. चिपच्या धंद्यात एक वर्ष म्हणजे जवळजवळ एक पिढी.

गंमत म्हणजे हे कलम कोणी नवनिर्मितीसाठी आणलेच नव्हते. न्यूयॉर्कच्या एका कायदेपंडिताने १८६५ मध्ये दिवाणी संहितेचा मसुदा केला होता. खुद्द न्यूयॉर्कने तो कधी स्वीकारला नाही. डकोटा प्रदेशाने १८६६ मध्ये घेतला, कॅलिफोर्नियाने १८७२ मध्ये. तेव्हा सांता क्लारा खोऱ्यात शेती नि फळबागा होत्या. १९४१ मध्ये कलमाचा क्रमांक तेवढा बदलला. त्यामुळे 'दूरदृष्टीचे धोरण' म्हणून त्याचा गौरव करणे चूक आहे.

तेच कलम नॉर्थ डकोटातही आहे, आणि तिथे सिलिकॉन व्हॅली उगवली नाही. नॉन-कॉम्पिटचे समर्थक हे उदाहरण वारंवार देतात आणि ते बिनतोड आहे. कलम फक्त दार उघडे ठेवते. पलीकडे जायला दुसरी कंपनी, तिला पैसा देणारा गुंतवणूकदार आणि आठ दिवसांत सुटा भाग करून देणारा कारखाना नसेल तर उघड्या दाराचा उपयोग काय? पण या युक्तिवादातून फार तर 'कलम पुरेसे नाही' एवढेच सिद्ध होते. 'कलम निरुपयोगी आहे' हे होत नाही.

कलमाचा उपयोग होतो की नाही, हे ठरवायला मिशिगनकडे पाहावे लागते. मोटारींच्या या राज्यात १९०५ पासून असे करार बेकायदा होते. १९८५ मध्ये मक्तेदारीविरोधी कायदे एकत्र करताना जुने कायदे रद्द झाले आणि त्यांत ही बंदीही वाहून गेली. आमदारांच्या चर्चेत तिचा विषयही निघाला नव्हता. दोन वर्षांनी दुरुस्ती करून 'वाजवी' करारांना पूर्वलक्षी मान्यता दिली गेली. कोणी मुद्दाम न केलेला हा बदल संशोधकांना आयताच मिळाला. पेटंटवरच्या नावांवरून कोण कुठे काम करतो याचा माग काढता येतो. तो काढल्यावर दिसले की बंदी उठल्यानंतर मिशिगनच्या संशोधकांचे नोकरी बदलणे इतर राज्यांच्या तुलनेत घटले, आणि ज्यांचे कौशल्य अरुंद, विशिष्ट होते त्यांचे अधिक घटले. नंतरच्या एका अभ्यासात याहून बोचरी गोष्ट निघाली: जे गेले त्यांचा कल असे करार न मानणाऱ्या राज्यांकडे होता. माणसे धरून ठेवायला केलेल्या करारामुळे राज्यच माणसे गमावते, हे तोट्याचे गणित कोणत्याही एका कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

कंपन्यांच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे. दोन वर्षे खर्चून शिकवलेला अभियंता शेजाऱ्याने उचलला तर पुढच्याला कोण शिकवेल? म्हणून कॅलिफोर्नियात अडवणूक संपली नाही, तिने फक्त वेष बदलला. पहिला वेष कर्मचाऱ्याला देऊ केलेल्या कंपनीच्या समभागांचा. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्क मिळतात, पहिले वर्ष पुरे होण्याआधी गेलात तर शून्य, आणि गेल्यावर बहुधा ९० दिवसांत पैसे भरून समभाग घेतले नाहीत तर तेही बुडतात. हा बंध राजीखुशीचा, त्यामुळे कायद्यात बसतो. दुसरा वेष व्यापारी गुपितांच्या दाव्यांचा. चालकविरहित मोटारींवरून २०१७ मध्ये झालेल्या गाजलेल्या खटल्यात आरोप होता तो अभियंत्याने जाण्यापूर्वी सुमारे १४,००० फाइली उतरवून घेतल्याचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये तडजोड झाली, सुमारे २४.५ कोटी डॉलरच्या समभागांवर. इथे रेघ स्पष्ट दिसते: डोक्यातला अनुभव नेता येतो, पेनड्राइव्ह नेता येत नाही.

तिसरा वेष सरळसरळ बेकायदा होता. खोऱ्यातल्या काही बड्या कंपन्यांनी २००५च्या सुमारास आपसांत ठरवले की एकमेकांच्या माणसांना आपणहून फोन करायचा नाही. करार कर्मचाऱ्याशी नव्हताच, त्यामुळे त्याला कळण्याचाही मार्ग नव्हता. सरकारने २०१० मध्ये हे बंद पाडले. त्यानंतर सुमारे ६४,००० कर्मचाऱ्यांच्या वतीने दावा उभा राहिला. ३२.४५ कोटी डॉलरची पहिली तडजोड न्यायाधीशांनी कमी म्हणून फेटाळली आणि २०१५ मध्ये ४१.५ कोटींवर प्रकरण मिटले. मोकळ्या ये-जा करण्याचे गोडवे गाणाऱ्या खोऱ्याची ही दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही.

मॅसॅच्युसेट्सने २०१८ मध्ये मधला मार्ग काढला. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. करार नोकरीच्या प्रस्तावासोबत किंवा रुजू होण्याच्या १० कामाच्या दिवसांआधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा हातात हवा. कपातीत काढलेल्याला तो लागू नाही. बंदीच्या काळात मूळ पगाराच्या किमान निम्मी रक्कम द्यायची 'किंवा परस्परसंमत अन्य मोबदला'. या शेवटच्या चार शब्दांनी कायद्याचा कणा मोडला, कारण मोबदला किती हवा हे कुठेच लिहिलेले नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून उलटी टोकाची पावले टाकली: असे रद्दबातल कलम करारात असेल तर १ जानेवारी २०२२ नंतर नोकरीत असलेल्या प्रत्येकाला १४ फेब्रुवारी २०२४ पर्यंत लेखी कळवणे मालकावर बंधनकारक झाले. कारण साधे आहे. न्यायालयात न टिकणारे कलमही माणसाला घाबरवायला पुरते.

भारतातल्या वाचकाला हे सगळे परके वाटू नये. भारतीय करार कायद्याचे कलम २७ त्याच न्यूयॉर्कच्या मसुद्यातून उचललेले आहे आणि वर्षही तेच, १८७२. धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्याचा अपवाद सोडला तर नोकरी संपल्यानंतरचा मज्जाव इथेही रद्दबातल ठरतो. विधी आयोगाने १९५८ मध्ये 'वाजवी' मज्जावाला मुभा द्यावी अशी शिफारस केली होती, ती अमलात आली नाही. म्हणजे कागदावर आपल्याकडे कॅलिफोर्नियाचाच कायदा आहे.

फरक पडतो तो नोकरीच्या मुदतीतल्या बंधनांत. १९६७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कल्याणच्या टायर-कॉर्ड कारखान्यातल्या शिफ्ट सुपरवायझरचा. पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून तो राजस्थानातल्या कोटा शहरातल्या स्पर्धक कंपनीत गेला आणि उरलेल्या मुदतीपुरते त्याला त्या कामापासून रोखण्यात आले. कारखान्याने तंत्र नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीतल्या कंपन्यांकडून घेतले होते, गुप्ततेच्या अटीवर. ज्ञान बाहेरून, कुलुपासकट आले की ते पट्ट्यात झिरपत नाही, मग कलम २७ काहीही म्हणो. परवान्यांच्या त्या काळात नोकरी सोडून निघालेल्याला दुसरे दारही क्वचितच उघडे मिळे.

आज कुलूप वेगळे आहे: ९० दिवसांची नोटीस, रिलीव्हिंग लेटर अडवून धरणे आणि बाँड. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा बाँड वैध ठरवला. तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाख रुपये भरायचे, असा तो बाँड. हे बंधन नोकरीच्या मुदतीतले आहे, नंतरच्या धंद्यावरचे नाही, त्यामुळे कलम २७ आड येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. खुल्या स्पर्धेतून भरती करणाऱ्या सरकारी बँकेला नव्याने भरतीचा खर्च सोसावा लागतो, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला. दहा-वीस माणसांच्या खासगी कंपनीने हेच आकडे नेमणूकपत्रात टाकले तर ते टिकतील का, याची वादावादी आता खालच्या न्यायालयांत होत राहणार.