एकाच पार्कातल्या दोन टोप्या: उंच असणं वेगळं, आड येणं वेगळं

फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ डिस्नेचं एक पार्क आहे. १९८९ साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव डिस्ने-एमजीएम स्टुडिओज होतं, २००८ पासून ते हॉलिवूड स्टुडिओज झालं. या पार्कात मिकी माउसच्या दोन अवाढव्य टोप्या होत्या. एक पाण्याच्या टाकीवर बसवलेली, दोन कानांची. टाकीसकट उंची सुमारे १३० फूट. दुसरी जादूगाराची, निळी, चंद्र-चांदण्यांची, १२२ फुटांची. दोन्ही मिकीच्याच आणि उंचीही जवळपास सारखीच. तरी टाकीवरची टोपी लोकांनी आनंदानं स्वीकारली आणि जादूगाराच्या टोपीनं पार्कची रया घालवली, असं वास्तुकलेची आवड असणारे अनेकजण वर्षानुवर्षं म्हणत राहिले. मलाही तसंच वाटतं. पण त्याचं कारण म्हणून "केवढी प्रचंड होती ती!" एवढंच सांगितलं जातं, ते मला पटत नाही. नुसती उंचीच नडली असती, तर आधी टाकी नडली असती.

फरक कळायला टोप्यांच्या आजूबाजूला बघावं लागतं. पार्कच्या दारातून आत गेलं की हॉलिवूड बुलेव्हार्ड नावाचा रस्ता लागतो. १९३०-४० च्या दशकांतल्या लॉस एंजेलिसची आठवण करून देणारी दुकानं, निऑनच्या पाट्या आणि रस्त्याच्या टोकाला चायनीज थिएटरची प्रतिकृती. मूळ थिएटर १९२७ साली लॉस एंजेलिसमध्ये उघडलं. पार्कातला हा रस्ता त्याच्या प्रतिकृतीकडे नेण्यासाठीच आखलेला आहे. दोन्ही बाजूंच्या इमारती नजरेला आपसूक तिकडे ढकलतात. पहिली बारा वर्षं लोकांनी ते दृश्य तसंच पाहिलं. मग २००१ मध्ये वॉल्ट डिस्नेच्या जन्मशताब्दीच्या सोहळ्यासाठी जादूगाराची टोपी उभी राहिली, ती नेमकी थिएटरच्या समोर, चौकाच्या मध्यात. सोहळा संपला, टोपी राहिली. ती उतरवायला २०१५ चा जानेवारी उजाडला.

टाकी मात्र बाजूला, स्टुडिओच्या मागच्या अंगाला होती. हॉलिवूडच्या जुन्या स्टुडिओंमध्ये पाण्याची उंच टाकी खरोखरच असते, त्यामुळे "हा सिनेमाचा कारखाना आहे" हे ती लांबूनच सांगायची. तिच्या आत पाणी नव्हतं, पण तिनं कुणाचं तोंडही झाकलं नव्हतं. छपरांच्या वर ती डोकावायची, एवढंच.

म्हणजे एक फरक जागेचा. दुसरा फरक मापाचा आहे आणि तो जास्त खोल आहे.

कुठलीही इमारत स्वतःचं माप स्वतःच सांगत असते. दार, खिडकी, पायरी, कठडा या माणसाच्या अंगाच्या हिशेबानं केलेल्या गोष्टी. त्या दिसल्या की डोळा न कळत मोजतो. आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेस हा राजवाडा आठवा. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेली, १८८४ मध्ये पूर्ण झालेली काळ्या दगडाची वास्तू. मधला घड्याळाचा मनोरा बाकी सगळ्यांपेक्षा उंच आहे, पण त्यानं राजवाडा खुजा दिसत नाही, उलट भारदस्त दिसतो. कारण मनोऱ्यावरच्या कमानी आणि खिडक्या खालच्या कमानी-खिडक्यांच्याच घराण्यातल्या आहेत. आता त्याच राजवाड्यासमोर शंभर फुटांची कोल्हापुरी चप्पल उभी आहे अशी कल्पना करा. चप्पल केवढी असते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. डोळा चपलेचं माप धरून बसतो आणि मागचा राजवाडा भातुकलीतला दिसायला लागतो. चप्पल कितीही सुबक असली तरी हे टळत नाही.

जादूगाराच्या टोपीनं थिएटरचं तेच केलं. तिला ना दार, ना मजले. शिवाय टोपी ही डोक्यावर घालायची वस्तू, तिचं माप प्रत्येकाच्या मनात पक्कं. अशा पार्कांतल्या इमारती तर या बाबतीत फारच नाजूक असतात, कारण त्यांचे वरचे मजले मुद्दाम थोडे लहान बांधतात, म्हणजे खालून बघताना इमारत आहे त्यापेक्षा उंच भासते. ओळखीच्या मापाची वस्तू राक्षसी करून शेजारी ठेवली की हा सगळा भास कोसळतो.

उंचीला विनाकारण दोषी धरू नये म्हणून त्याच परिसरातली आणखी काही उदाहरणं बघू. मॅजिक किंगडममधला सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट, १९७१ चा. अ‍ॅनिमल किंगडममधला 'ट्री ऑफ लाइफ' हा कृत्रिम वृक्ष १४५ फूट, १९९८ चा. दोन्ही टोपीपेक्षा उंच आणि दोन्ही आपापल्या पार्कांचा आधार. प्रत्येक रस्त्याच्या टोकाला नजर ओढून घेणारं काहीतरी हवं, हा वॉल्ट डिस्नेचा आग्रहच होता. आणि टोपीच्याच पार्कात १९९४ पासून 'टॉवर ऑफ टेरर' हे १९९ फुटांचं हॉटेलासारखं दिसणारं धूड उभं आहे. दोनशे फुटांच्या पुढे गेलं की विमानांसाठी इशाऱ्याचे दिवे लावावे लागतात, म्हणून त्याच्या आत थांबवलेलं. ते शेजारच्या एपकॉट पार्कातल्या मोरोक्कोच्या दालनामागे क्षितिजावर दिसणार, हे आराखडा करणाऱ्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी टॉवरचा रंग आणि माथ्याचा आकार मोरोक्कोच्या इमारतींशी जुळेल असा ठेवला. दुसऱ्या पार्कातल्या शेजाऱ्याचीसुद्धा इतकी काळजी! उंच बांधणाऱ्याकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो.

एपकॉटमध्ये मात्र टोपीसारखीच गफलत झाली होती. तिथला 'स्पेसशिप अर्थ' हा सुमारे १८० फुटांचा गोल १९८२ पासून आहे. त्याच्यावर मापाची कुठलीच खूण नाही आणि त्यातच त्याचं गूढ आहे. २००० सालाच्या स्वागतासाठी त्याच्या शेजारी मिकीचा हात आणि जादूची कांडी उभारली गेली. हात आला तसं माप आलं, आणि पृथ्वीएवढा वाटणारा गोल खेळण्यातला चेंडू झाला. २००७ मध्ये ती कांडी काढली.

टोपीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. चौदा वर्षं म्हणजे एका पिढीचं बालपण. त्या मुलांसाठी टोपी म्हणजेच पार्क. चुकामूक झाली तर भेटायची जागाही तीच. वस्तू राक्षसी करणं हे सगळीकडे चूकही नाही. डिस्नेच्याच काही स्वस्त हॉटेलांत जिन्यांएवढ्या गिटारी आणि फुटबॉल आहेत आणि ते तिथे शोभतात, कारण मागे साध्या खोल्यांच्या रांगा आहेत. झाकलं जावं असं तिथे काही नाही.

कोल्हापूरकराला हा फरक शिकवायची खरं तर गरज नाही. अंबाबाईचा किरणोत्सव आपण बघतो. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपासून तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत चढतात, अशी ती रचना. ती किरणं पोचावीत म्हणून महाद्वार रोडच्या बाजूचे अडथळे शोधून मोजावे लागले. शहरात कुठेतरी दहा मजली इमारत झाली तर किरणांना काही होत नाही. त्या रेषेत एखाद्या घरावरची छोटी टाकी आली तरी होतं. कोल्हापूरजवळच्या टोप गावातली चिन्मय गणाधीशाची भव्य मूर्ती हायवेवरून दिसते आणि मोकळ्या आभाळाखाली ती कुणाच्या वाटेत येत नाही, म्हणून ती डोळ्यांना सुखावते. तेवढीच मूर्ती भवानी मंडपात आणली, तर भक्तिभाव तोच राहील, पण मंडप हरवेल.

म्हणून आपल्याकडे एखाद्या चौकात, रंकाळ्याच्या काठावर किंवा जुन्या वास्तूसमोर नवं स्मारक, कमान, कारंजं ठरतं, तेव्हा नुसत्या उंचीवरून होणारा वाद मला अपुरा वाटतो. एकजण म्हणतो जिल्ह्यात सगळ्यात उंच पाहिजे, दुसरा म्हणतो एवढं उंच नको, आणि दोघांसमोर असतं ते त्या वस्तूचं एकटं, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं चित्र. त्याऐवजी लोक जिथे थांबून मागची वास्तू बघतात, तिथून माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेलं चित्र मागावं. आणि आपल्या गावात मांडव घालणाऱ्यांचा काय तुटवडा आहे? ठरलेल्या जागी ठरलेल्या मापाचा बांबू-कापडाचा सांगाडा उभा करून चार-आठ दिवस ठेवावा. सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो बघावा, आणि मगच पाया खणायचा की दहा पावलं बाजूला सरकायचं ते ठरवावं.