प्लमला थंडी हवी, बोराला ऊन

जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात दोन झाडं शेजारी उभी आहेत. संक्रांतीला बोराच्या फांद्या फळांनी वाकतात. सुगडात घालायला, बोरन्हाणाला गल्लीतली मुलं-बाया इथूनच बोरं नेतात. शेजारचं झाड ‘हायब्रीड प्लम’ म्हणून चार वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणलेलं. पाणी आहे, शेणखत आहे, तरी त्याला आजवर एक फूल आलं नाही. शेंड्याला उशिरा चार पानं फुटतात आणि खालचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, मिटलेलेच राहतात.

आधी ‘हायब्रीड’ या शब्दाचं बघू. आपल्याकडे कलमालाही सर्रास हायब्रीड म्हणतात. पण कलमात दोन झाडं नुसती एकमेकांना जोडलेली असतात. मुळं एकाची, फांद्या दुसऱ्याची, आणि दोघांचे गुण आपापल्या जागी. संकरात एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलावर पडून नवंच बी तयार होतं. जपानी प्लम आणि जर्दाळू या दोघांच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात, म्हणून त्यांचा संकर जमतो. अमेरिकेत ल्यूथर बरबँक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा ‘प्लमकॉट’ केला. पुढे कॅलिफोर्नियात फ्लॉइड झायगर यांनी पिढ्यान्‌पिढ्या संकर करत ‘प्लुऑट’ आणि ‘ॲप्रियम’ काढले. प्लुऑटमध्ये प्लमचा अंश जास्त, ॲप्रियममध्ये जर्दाळूचा. अशा फळाची आठळी पेरली तर तेच झाड उगवत नाही, म्हणून संकराची वाढही शेवटी कलमानंच करतात.

मग आमचं झाड फुलत का नाही? ते अजून झोपेतच आहे. प्लम, पीच, जर्दाळू ही बर्फाळ हिवाळ्यातून तगून आलेली झाडं. शरदात त्यांचे डोळे मिटतात आणि पुरेशी थंडी सोसल्याशिवाय उघडत नाहीत. डिसेंबरातच दोन दिवस ऊब आली म्हणून फुलून बसलं तर पुढच्या हिमात सगळा मोहोर जळेल, म्हणून झाड थंडीचे तास मोजतं. ढोबळ हिशेब असा की ७ अंश सेल्सिअसच्या खालचा एक तास म्हणजे एक माप. बऱ्याच प्लुऑटना अशी ४०० किंवा जास्त मापं लागतात. उष्ण प्रदेशासाठी काढलेल्या ‘फ्लोरडाप्रिन्स’ पीचलासुद्धा सुमारे १५० लागतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आपण स्वेटर काढतो खरे, पण सोलापूरचा पारा तेव्हा रात्री साधारण १५ अंशांच्या आसपास असतो, आणि दुपारी ३० अंशांकडे जाणारं ऊन आदल्या रात्रीची थोडीफार कमाईही पुसून टाकतं.

ही मोजणी झाड कशानं करतं, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. मेक्सिकोत पीचची अशी झाडं सापडली की हिवाळा आला तरी त्यांचे शेंडे वाढतच राहतात. त्यांची जनुकं तपासली, तेव्हा एका ओळीत बसलेल्या सहा ‘डॅम’ जनुकांपैकी काही गायब निघाली. साध्या पीचमध्ये हीच जनुकं डोळ्यांना झोपवून ठेवतात. थंडीचे तास साठत जातात तशी त्यांची पकड सैल होते आणि मग डोळा उमलतो. आमच्या प्लमच्या डोळ्यांवरची ती पकड चार हिवाळ्यांत सुटलेलीच नाही.

बोरही आठळी फळच, शास्त्रात ज्याला अश्मगर्भी म्हणतात ते. मऊ गर, आत दगडासारखं कवच आणि त्यात बी, अशी रचना दोघांची एकच. कुळं मात्र वेगळी. आणि बोराची झोप बरोबर उलटी! ते उन्हाळ्यात पानं गाळून पडून राहतं, पावसाळ्यात नव्या फुटव्यावर फुलतं आणि थंडीत पिकतं. मे महिन्यात सोलापूर तापतं, तेव्हा त्याला पाण्याचीही फारशी गरज उरत नाही.

फूल नव्या फुटव्यावरच येतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये झाड निजलेलं असताना छाटणी करायचीच. हात आखडू नका. न छाटलेल्या झाडाची फळं वर्षागणिक बारीक होत जातात. गावठी बोराच्या रोपावर ‘उमराण’ किंवा ‘कडाका’ या वाणाचा डोळा भरलेलं कलम लावा. जागा असेल तर दोन वेगळे वाण लावा, कारण अनेक वाणांत स्वतःच्या परागानं फळ नीट धरत नाही. (प्लुऑटलाही बहुधा शेजारी प्लम लागतोच.) काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर खड्ड्यात मुरूम मिसळा. किडकी बोरं झाडाखाली पडू देऊ नका. फळमाशीची अळी त्यातून मातीत उतरते आणि तिथंच कोष करते. उन्हाळ्यात झाडाभोवतीच्या आळ्यातली माती खणून उलटी केली की हे कोष उन्हात मरतात.

संकराचीच हौस असेल तर आंबा लावा. त्याला मोहरायला हिमाची गरज नाही, आपल्या हिवाळ्यातल्या गार रात्री पुरतात. दशहरी आणि नीलमच्या संकरातून आलेली आम्रपाली बुटकी राहते, लहान अंगणात मावते. नीलम आणि हापूसची रत्नाही चांगली. प्लमच्या जागी आम्ही येत्या पावसाळ्यात आम्रपालीच लावणार आहोत. खड्डा मे महिन्यातच खणून तापू देऊ.