डिझाइनच्या परिभाषेमागचा छापखाना

सांगली-मिरजेत पत्रिका, फ्लेक्स किंवा संकेतस्थळे तयार करणारी मंडळी लीडिंग, कर्निंग, पॉइंट, एम हे शब्द दिवसभर वापरतात. ते संगणकाबरोबर आले असा समज असला, तरी त्यांचे मूळ सुट्या खिळ्यांच्या, म्हणजे एकेका अक्षराच्या धातूच्या ठशांच्या, छपाईत आहे. आणि ती मापे रोमन लिपीच्या अंगाने घडली, हे मराठी मजकूर मांडणाऱ्याने कधीही विसरू नये.

खिळ्यांवाचून या संज्ञांना कामच नव्हते. नाना फडणविसांनी गीता छापण्यासाठी पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर कोरीवकाम सुरू करविले होते. त्यांच्या निधनानंतर ते काम करणारा कारागीर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयास आला आणि १८०५ मध्ये ती गीता मिरजेत छापली गेली. पानच्या पान पत्र्यावर कोरले जात असल्यामुळे अक्षर आणि त्याभोवतीची मोकळी जागा एकाच हाताने ठरत असे.

सुट्या खिळ्यांनी हे दोन्ही वेगळे केले. ओळींमध्ये जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, शिशाच्या पातळ पट्ट्या घाले, तेच लीडिंग. खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावणारा अक्षराचा भाग म्हणजे कर्न; त्यावरूनच अक्षरांमधली जागा जुळवण्याला कर्निंग म्हणतात. आणि एम म्हणजे अक्षराच्या पॉइंट-मापाइतकी रुंदी. अक्षराच्या मापाचे एकक असलेल्या पॉइंटची मोजणी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये फूर्निये आणि दिदो यांनी बसवली. देवनागरीत मात्र मात्रा, वेलांट्या, रफार वर आणि उकार खाली बसवायचे असल्याने जुळाऱ्याचे काम कितीतरी किचकट होते. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीसारख्या आडगावी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले आणि स्वतः चित्रकार असलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी ते नावारूपाला आणले, याचे मोल त्या काळच्या छपाईची ही मेहनत ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.

१९८५ मध्ये पेजमेकर हे सॉफ्टवेअर आले, डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने मांडण्याचे, युग सुरू झाले आणि पॉइंट इंचाच्या बहात्तराव्या भागावर स्थिरावला. ‘युजर एक्स्पिरियन्स’ (वापरणाऱ्याचा अनुभव) ही संज्ञा डॉन नॉर्मन यांनी १९९० नंतरच्या दशकात ॲपलमध्ये असताना रुळवली, तर पडद्याच्या आकारानुसार बदलणाऱ्या ‘रिस्पॉन्सिव्ह’ मांडणीला ते नाव ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये दिले. या दोन संज्ञांचा खिळ्यांशी संबंध नाही.

लीडिंगचा वारसा मात्र वेबवर ‘लाइन-हाइट’च्या (ओळीच्या उंचीच्या) रूपाने चालू आहे. तेथे ओळीची वाढीव जागा अर्धी वर आणि अर्धी खाली वाटली जाते. रोमन मजकुराला पुरणारी ही जागा देवनागरीला अनेकदा तोकडी पडते: वरच्या ओळीत ‘राष्ट्रकूट’ आणि त्याच्या नेमके खाली ‘मूर्ती’ आले, की ऊकार आणि रफार एकमेकांत घुसतात. इंग्रजी पानासाठी ठरलेला आकडा मराठी पानावर तसाच ठेवणे ही म्हणूनच निव्वळ हेळसांड आहे. तो प्रत्येक फाँटसाठी, जोडाक्षरे आणि वेलांट्या असलेल्या खऱ्या मराठी मजकुरावर, फोनच्या पडद्यावर पाहूनच ठरवावा लागतो.