मोरीखाली पुरलेला ओढा

रस्त्याखालची मोरी तुंबली की रस्ता वाहून जातो, हे घाटात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर असाच प्रकार जगातल्या सर्वांत उंच झाडांच्या मुळावर उठला.

रेडवुड राष्ट्रीय उद्यान १९६८ साली झालं. रेडवुड क्रीक नदीकाठच्या उत्तुंग रेडवुड झाडांसाठी मिळाली जेमतेम ८०० मीटर रुंदीची पट्टी. तिला नाव पडलं ‘वर्म’, म्हणजे गांडूळ. वरच्या डोंगरावर लाकूडतोड चालूच राहिली. झाडं उद्यानात, पाणलोट कंपन्यांकडे! १९७८ मध्ये आणखी ४८ हजार एकर जमीन उद्यानात आली, पण तिचा बहुतेक भाग तोवर बोडका झाला होता. सोबत ओंडके वाहून नेणारे शेकडो मैल कच्चे रस्ते आले.

खरं दुखणं हे रस्ते होते. रस्ता काढताना ओढा आडवा आला की त्यात माती ढकलायची, तळाशी पाइप टाकायचा आणि पुढे जायचं. मोठ्या पावसात फांद्या आणि गाळ पाइपच्या तोंडाशी अडकतो. पाणी चढतं आणि भराव घेऊन जातं. याहून वाईट म्हणजे पाणी कधी कधी ओढा सोडून रस्त्याच्या उतारानेच चालू लागतं आणि जिथे कधी ओढा नव्हता तिथे डोंगर कापत जातं. तो सगळा गाळ नदीत येतो. पात्र उथळ होतं, नदी आडवी पसरून काठ खाते. मोठी झाडं नेमकी त्याच काठावर उभी असतात. कोहो साल्मन माशांच्या पिल्लांना लागणारे थंड डोहही बुजतात.

म्हणून इथे दुरुस्ती झाडं लावून नव्हे, रस्ते उखडून सुरू झाली. एक्स्कॅव्हेटरवाला भराव उपसत जातो. कुठे थांबायचं? मातीत गाडलेला जुना बुंधा जागच्या जागी उभा दिसला, गोल गोटे लागले, की मूळ ओढा सापडला. हे काम पुरातत्त्वाच्या उत्खननाच्याच जातीचं.

१९९७ च्या मोठ्या पावसानंतर पाहणी झाली, तेव्हा उखडलेल्या रस्त्यांच्या सुमारे ८० टक्के भागात धूप दिसलीच नाही.

दुसरं काम ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात. तोडीनंतर तिथे विमानातून डग्लस फर या सूचिपर्णी झाडाचं बी टाकलं होतं. त्यातून काडीसारख्या झाडांची अशी दाटी झाली की खाली ऊनच पोचेना. रेडवुड तुटल्या बुंध्यातूनही फुटतो, पण या गर्दीत त्याची वाढ खुंटते. म्हणून २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘रेडवुड्स रायझिंग’ या उपक्रमात विरळणी करतात, म्हणजे दाटीतली काही झाडं कापतात. कापलेले काही ओंडके ओढ्यांत टाकतात. त्यांना अडून पाणी वळतं, तळ खरवडतं, डोह होतो. गंमत म्हणजे पूर्वी त्या किनाऱ्यावर माशांना वाट मोकळी हवी म्हणून सरकारी खर्चाने ओढ्यांतली लाकडं उचलली जात होती.

उखडलेल्या रस्त्यावर सर्वांत आधी रेड आल्डर हा पानझडी वृक्ष उगवतो. काही वर्षांनी गर्द हिरव्या सूचिपर्णी जंगलात त्याच्या फिक्या पानांची एक वळणदार रांग दिसते. ट्रक तिथूनच उतरायचे.