न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस

इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांत नोंदलेला सर्वांत लांब शब्द. रोमन लिपीत त्याची अक्षरे ४५ भरतात. ज्वालामुखीतून उडालेली सिलिकेची (वाळू-गारगोटीतल्या खनिजाची) अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे आत जाऊन होणारा फुप्फुसाचा विकार, असा त्याचा अर्थ दिला जातो. हे नाव मात्र कोणा डॉक्टरने रुग्ण तपासून दिलेले नाही. ते शब्दकोड्यांच्या शौकिनांनी घडवले.

नॅशनल पझलर्स लीग ही अमेरिकेतील शब्दकोडेप्रेमींची संघटना १८८३ साली स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी हा शब्द रचला. फेब्रुवारी १९३५ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या अधिवेशनात संघटनेने त्याला सर्वांत लांब इंग्रजी शब्द म्हणून मान्यता दिली आणि न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनने २३ फेब्रुवारीला ती बातमी छापली. पुढे १९३९ मध्ये वेबस्टरच्या बृहद्कोशाच्या पुरवणीत तो आला. ऑक्सफर्डच्या कोशानेही त्याला जागा दिली, पण हा मुद्दाम बनवलेला शब्द असून मुख्यतः लांबीचे उदाहरण म्हणूनच वापरला जातो, असे तिथे स्पष्ट नोंदवले आहे.

शब्दाची जुळणी ग्रीक आणि लॅटिन घटकांची आहे. ‘न्यूमोन’ म्हणजे फुप्फुस. ‘अल्ट्रा’ आणि ‘मायक्रोस्कोपिक’ मिळून साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. ‘सिलिको’ गारगोटीच्या लॅटिन नावावरून आला, तर ‘व्होल्कॅनो’ व्हल्कन या रोमन अग्निदेवतेवरून. ‘कोनिस’ म्हणजे धूळ, आणि ‘ओसिस’ हा विकार दाखवणारा प्रत्यय. यातील पहिला आणि शेवटचे दोन घटक स्मिथ यांच्या आधीपासून वैद्यकात एकत्र नांदत होते. धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांसाठी झेंकर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्येच असा जोडशब्द वापरला होता. आजचा ‘न्यूमोकोनिओसिस’ त्यातूनच आला. स्मिथ यांनी त्या जोडशब्दाच्या मध्ये भर घातली.

या लांबलचक नावामागचा आजार म्हणजे सिलिकोसिस, आणि तो पूर्णपणे खरा, जीवघेणा आजार आहे. दगड फोडताना, कापताना किंवा घासताना स्फटिकरूप सिलिकेचे कण उडतात. काही मायक्रोमीटरचे कण नाक आणि घसा ओलांडून थेट वायुकोशांत पोहोचतात. त्यांना गिळून टाकायला आलेल्या संरक्षक पेशी स्वतःच मरतात, कण पुन्हा मोकळे होतात आणि दाह चालूच राहतो. हळूहळू फुप्फुसात व्रणासारख्या कठीण गाठी धरतात. धुळीचे काम सोडले तरी आजार वाढू शकतो आणि झालेली हानी भरून येत नाही. क्षयरोगाचा धोकाही बराच वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या जागी श्वासात जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेला कर्ककारक ठरवले.

स्मिथ यांचा शब्द गाजला त्याच सुमारास अमेरिकेत हा आजार एका भयंकर प्रकरणामुळे चर्चेत आला होता. वेस्ट व्हर्जिनियातील गॉली ब्रिजजवळ हॉक्स नेस्ट बोगद्याचे काम १९३० मध्ये सुरू झाले. खडकात सिलिका भरपूर होती, तरी बोगदा पाणी न मारता कोरडाच खोदला गेला आणि मजुरांना मुखवटे मिळाले नाहीत. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. १९३६ च्या संसदीय चौकशीत मृतांचा आकडा ४७६ सांगितला गेला. नंतरच्या एका अभ्यासाचा अंदाज ७०० हून अधिक आहे.

‘व्होल्कॅनो’ हा घटक वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत कमकुवत, कारण सिलिकोसिस होतो तो बहुतेक खाणी, बोगदे, दगडखाणी आणि ओतशाळांत. तरी ज्वालामुखीचा संबंध अगदीच काल्पनिक नाही. कॅरिबियनमधील माँतसेरातच्या ज्वालामुखीच्या राखेत क्रिस्टोबलाइट हे सिलिकेचे स्फटिकरूप सापडले आणि तिच्या आरोग्यावरील परिणामांचा अभ्यास झाला. भारतात तर याहून थेट धागा आहे. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण लाव्हा थिजून बनला. त्याच्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक हा शोभेचा दगड तयार झाला. गुजरातेत अशा लाव्हाथरांतून झिजून सुटलेला अकीक खंभातला येतो. तिथे घरोघरी तो घासून मणी बनवणाऱ्या कारागिरांत सिलिकोसिस आढळतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने त्यांची पाहणी केली आहे. मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांतही तिच्या संशोधकांना हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार सिलिकोसिस झालेल्या कामगाराची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक झाले. घरगुती कामाच्या जागा मात्र बहुधा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. आजार बरा करणारे औषध नाही. त्यामुळे सारा भर धूळ रोखण्यावर असतो: दगड ओला ठेवून कापणे, धूळ उडते तिथेच यंत्राने ओढून घेणे, योग्य मुखवटा देणे आणि कामगारांच्या छातीचा एक्स-रे ठरावीक मुदतीने काढणे.