अतिमात्रा प्रतिबंधातील आरोग्य आकडेवारी

अमली पदार्थांच्या किंवा औषधांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू टाळण्यासाठी मृत्युदाखले, विषशास्त्रीय चाचण्या, आपत्कालीन विभागांतील नोंदी, रुग्णवाहिकांचे कॉल, औषधचिठ्ठ्या आणि सांडपाण्याचे पृथक्करण यांतून मिळालेली माहिती एकत्र आणून तिच्या आधारे उपाय योजण्याची पद्धत. अफूजन्य आणि तत्सम कृत्रिम पदार्थांच्या, म्हणजे ओपिऑइडच्या, अतिमात्रेत मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते व श्वास थांबून मृत्यू येतो. नालोक्सोन हे उताऱ्याचे औषध वेळेत दिल्यास हा परिणाम काही मिनिटांत उलटवता येतो. म्हणूनच कोठे, कोणाला आणि कोणत्या पदार्थाने धोका आहे हे आधी कळण्याला महत्त्व आहे.

या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. औषधचिठ्ठ्यांवरील देखरेख हे तिचे आद्य रूप मानणारे अभ्यासक न्यूयॉर्क राज्यातील १९१८ च्या व्यवस्थेकडे बोट दाखवतात. मॉर्फिन, हेरॉइन, कोकेन इत्यादींच्या चिठ्ठ्यांच्या प्रती शासनाकडे पाठवणे तिने औषधविक्रेत्यांना बंधनकारक केले होते; पण तीनेक वर्षांतच ती मोडीत निघाली. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी आद्यत्वाचा मान कॅलिफोर्नियाला दिलेला आढळतो. तेथे १९३९ मध्ये तीन प्रतींच्या चिठ्ठीची पद्धत आली आणि रूपे बदलत का होईना, ती अखंड चालू राहिली. अखंडपणा हा निकष धरल्यास हे दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. तथापि दोन्ही व्यवस्थांचा रोख गैरव्यवहार पकडण्यावर होता, जीव वाचवण्यावर नव्हे. त्यांना आजच्या पद्धतीचे पूर्वज म्हणायचे ते तंत्रापुरतेच.

रुग्णांची मोजणी हा दुसरा उगम. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘ड्रग अब्यूज वॉर्निंग नेटवर्क’ उभे राहिले. अमली पदार्थांमुळे आपत्कालीन विभागांत आलेल्या रुग्णांच्या नोंदी ते निवडक रुग्णालयांतून गोळा करी. २०११ मध्ये ते बंद झाले. बेकायदा फेंटानिल या अतितीव्र कृत्रिम ओपिऑइडची लाट साधारण २०१३ पासूनची मानली जाते. म्हणजे गरज सर्वाधिक असतानाच ही मोजणी थांबलेली होती. पुढे ती नव्या स्वरूपात सुरू करण्यात आली.

वर्गीकरणाचा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे. मृत्यूची कारणे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीप्रमाणे सांकेतिक अंकांत मांडली जातात. एक्स-४० ते एक्स-४४ हे अपघाती विषबाधेचे, एक्स-६० ते एक्स-६४ आत्महत्येचे आणि वाय-१० ते वाय-१४ हेतू अनिश्चित असलेल्या मृत्यूंचे संकेत. कोणता पदार्थ होता ते टी-मालिकेतील जोडसंकेत सांगतो : टी-४०.१ हेरॉइन, टी-४०.३ मेथाडोन, टी-४०.५ कोकेन. अडचण टी-४०.४ या संकेतात आहे. मेथाडोन वगळता सर्व कृत्रिम ओपिऑइड त्यात येतात. त्यामुळे फेंटानिल आणि वेदनाशामक ट्रामाडोल एकाच रकान्यात जाऊन बसतात. अमेरिकेतील रुग्णालयीन नोंदींच्या वर्गीकरणात २०२० मध्ये या दोहोंना वेगळे संकेत मिळाले, मृत्यूंच्या वर्गीकरणात मात्र जुनाच रकाना राहिला. शिवाय एका मृतदेहात तीन पदार्थ आढळले तर तो मृत्यू तिन्ही ओळींत मोजला जातो. पदार्थवार आकड्यांची बेरीज करून एकूण मृत्यू काढण्याची चूक वृत्तपत्रांत अनेकदा होते ती यामुळेच.

संकेत कितीही बारकाईने आखले तरी दाखल्यावरचा मजकूर ढिला असेल तर त्यांचा उपयोग नाही. ‘फेंटानिल व कोकेन यांच्या एकत्रित परिणामाने मृत्यू’ असे लिहिले तर दोन्ही पदार्थांची नोंद होते. त्याच मृत्यूसाठी ‘मिश्र औषध विषबाधा’ एवढेच लिहिले तर तो टी-५०.९ या ‘अनिर्दिष्ट’ रकान्यात जातो आणि पदार्थ आकडेवारीतून नाहीसा होतो. अमेरिकेत काही प्रांतांत हा मजकूर प्रशिक्षित वैद्यकीय शवपरीक्षक लिहितात, तर काही ठिकाणी निवडून आलेला कोरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, लिहितो आणि त्याला वैद्यकाची पदवी असतेच असे नाही. दोन शेजारी जिल्ह्यांच्या मृत्युदरांतील फरक कधीकधी पदार्थांचा नसून लिहिणाऱ्या हाताचा असतो.

दुसरी अडचण विलंबाची. विषशास्त्रीय अहवालाला आठवडे, प्रसंगी महिने लागतात. म्हणून अमेरिकेची राष्ट्रीय तात्पुरती आकडेवारी सुमारे चार महिने मागे चालते. त्या देशात २०२२ मध्ये अतिमात्रेने १,०७,९४१ मृत्यू झाले, हा आकडा धोरणाला पुरेसा असला तरी आज कोणत्या वस्तीत नालोक्सोन पोचवावे हे तो सांगत नाही. ही उणीव भरण्यासाठी संशयित प्रसंगांच्या नोंदी वापरतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ओडीमॅप या नकाशाप्रणालीत घटनास्थळी पोचलेला कर्मचारी जागा, वेळ, नालोक्सोनच्या किती मात्रा दिल्या आणि व्यक्ती वाचली की नाही एवढेच भरतो. चोवीस तासांतील संख्या त्या भागाच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की इशारा निघतो. लहान गावात मात्र दोन-तीन प्रसंगांनीही इशारा वाजू शकतो. तेथे यंत्रापेक्षा स्थानिक अनुभव भरवशाचा.

निरनिराळ्या नोंदी एका व्यक्तीच्या पातळीवर जोडल्यावर मिळालेले निष्कर्ष या क्षेत्रातील सर्वांत ठोस मानावे लागतील. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या सुमारे ३०,००० व्यक्तींच्या नोंदी मृत्यूंच्या नोंदींशी पडताळल्या असता, पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट आढळला. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तुरुंगवासात शरीराची सवय मोडलेली असते आणि सुटल्यावर जुनीच मात्रा घेतली जाते, हे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण. मॅसॅच्युसेट्सने २०१५ च्या कायद्याने अनेक खात्यांच्या नोंदी जोडण्यास परवानगी दिली. तेथे ओपिऑइडच्या अतिमात्रेतून वाचलेल्या १७,५६८ प्रौढांच्या अभ्यासात व्यसनावरील उपचार म्हणून मेथाडोन घेणाऱ्यांतील ओपिऑइडजन्य मृत्यू ५९ टक्क्यांनी, तर ब्यूप्रेनॉर्फिन हे तशाच उपचाराचे औषध घेणाऱ्यांतील ३८ टक्क्यांनी कमी दिसले. तरीही बहुसंख्यांना यांपैकी काहीच मिळालेले नव्हते. मृतांपेक्षा वाचलेल्यांची नोंद प्रतिबंधाला अधिक उपयोगी पडते, असे म्हणण्यास यातून आधार मिळतो.

अशा जोडणीत गोपनीयता हा कळीचा मुद्दा असतो. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या सार्वजनिक तक्त्यांत दहाहून कमी मृत्यूंचे आकडे झाकले जातात. त्यामुळे व्यक्ती ओळखू येत नाही, पण विरळ वस्तीचे जिल्हे तक्त्यात कोरे राहतात. पोलिसांना ओडीमॅपचा नकाशा दिसतो या भीतीने लोक रुग्णवाहिका बोलावण्याचे टाळतील, असाही आक्षेप आहे.

पुरवठ्यावरील नजर ही तुलनेने नवी शाखा. मिलानच्या संशोधकांनी २००५ मध्ये पो नदीच्या पाण्यात कोकेनचे अंश मोजून दाखवले आणि सांडपाण्यावरून सेवनाचा अंदाज घेण्याचा मार्ग रुळला. सेवनाचा अंदाज म्हणजे मृत्यूचा अंदाज नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे लागते. पदार्थाचे नमुने तपासणारी केंद्रे भेसळ लवकर पकडतात. पशुवैद्यकातील झायलाझिन हे गुंगीचे औषध फेंटानिलमध्ये मिसळलेले आढळू लागले तेव्हा ही माहिती फार मोलाची ठरली, कारण झायलाझिनवर नालोक्सोनचा परिणाम होत नाही.

परिणामकारकतेबद्दल सावधच बोलावे लागते. औषधचिठ्ठ्यांवरील देखरेखीने चिठ्ठ्या घटल्या असे बऱ्याच अभ्यासांत दिसते. पण औषधे दुर्मिळ झाल्यावर काही जण हेरॉइनकडे वळले, या मताला वाढता दुजोरा आहे. चार राज्यांतील ६७ समुदायांमध्ये स्थानिक आकडेवारीवरून उपाय निवडण्याची मोठी चाचणी झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ओपिऑइडच्या अतिमात्रेने झालेल्या मृत्यूंचा दर उपाय योजलेल्या समुदायांत लाखामागे ४७.२, तर तुलनेसाठी घेतलेल्या समुदायांत ५१.७ असा होता, आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. महासाथीचा काळ आणि उपायांना मिळालेला अपुरा अवधी ही कारणे चाचणी करणाऱ्यांनी दिली. ती पटण्याजोगी असली तरी निष्कर्ष तोच राहतो. २०२४ मध्ये अमेरिकेतील मृत्यू तात्पुरत्या आकड्यांनुसार सुमारे ८० हजारांवर उतरले. नालोक्सोनचा प्रसार, उपचार, पदार्थातील बदल अशी त्याची निरनिराळी कारणे सांगतात. कॅनडातही त्याच सुमारास घट झाल्याने पुरवठ्यातील बदलाचे मत बाजूला सारता येत नाही.

अन्यत्र स्कॉटलंडमध्ये पोलिसांकडील संशयित मृत्यूंचे आकडे वापरून त्रैमासिक इशारा-अहवाल निघतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १४ एप्रिल २०१६ रोजी सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली, ती आरोग्य यंत्रणेला ही माहिती तत्काळ मिळावी या हेतूनेही. युरोपीय संघासाठी लिस्बन येथील संस्था तुलनात्मक आकडे प्रसिद्ध करते. मृत्यूनंतरच्या चाचण्या देशागणिक कमीअधिक होत असल्याने ते काटेकोरपणे ताडून पाहता येत नाहीत.