तीन अंकी क्रमांकांवर हक्क कोणाचा : अमेरिकेतील वाटपाची पार्श्वभूमी

अमेरिकेत ९११ फिरवल्यावर आपत्कालीन मदत मिळते, हे जगभर ठाऊक आहे. मात्र त्याच साच्यातले इतर तीन अंकी क्रमांक कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार बराच काळ टेलिफोन कंपन्यांकडेच होता, आणि तो सार्वजनिक नियामकाकडे येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले.

या क्रमांकांची टंचाई मुळात तांत्रिक आहे. १९४७ मध्ये आखलेल्या उत्तर अमेरिकी क्रमांकन योजनेत एरिया कोडचा, म्हणजे प्रदेश दाखवणाऱ्या सुरुवातीच्या तीन अंकांतला, मधला अंक ० किंवा १ असे आणि स्थानिक एक्स्चेंजच्या कोडमध्ये त्या जागी हे दोन्ही अंक वर्ज्य होते. शेवटी '११' येणारा आकडा एरिया कोड म्हणूनही वापरला जात नव्हता. त्यामुळे असा आकडा आला की क्रमांक तेथेच संपला, हे यंत्रणेला लगेच कळे. पहिला अंक ० किंवा १ असू शकत नसल्याने २११ पासून ९११ पर्यंत असे केवळ आठच क्रमांक निघतात. त्यांपैकी ४११ चौकशीसाठी, ६११ दुरुस्तीसाठी, ८११ अनेक ठिकाणी कंपनीच्या कार्यालयासाठी आणि १९६८ पासून ९११ आपत्कालीन मदतीसाठी रूढ झाला.

१९८४ मध्ये देशातील टेलिफोन सेवेवर जवळजवळ मक्तेदारी असलेल्या बेल यंत्रणेचे विभाजन झाले, तेव्हा क्रमांकन योजनेचा कारभार बेलकोर या संस्थेकडे गेला. ही संस्था विभाजनातून निघालेल्या प्रादेशिक कंपन्यांच्याच मालकीची होती. त्यांपैकी बेलसाऊथने १९९२ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (एफसीसी) या दूरसंचाराच्या केंद्रीय नियामक आयोगाकडे विचारणा केली की पैसे घेऊन माहिती पुरवणाऱ्या स्थानिक सेवांना हे क्रमांक देता येतील काय. सगळा वाद या विचारणेतून उभा राहिला. ज्याला तीन अंक मिळतील त्याचा क्रमांक ग्राहकाच्या तोंडी बसणार आणि प्रतिस्पर्ध्याला मात्र सात अंकांवर भागवावे लागणार, हे उघड होते. शिवाय मागणारे अनेक आणि मोकळे क्रमांक मोजकेच असल्यामुळे 'प्रथम येईल त्याला प्रथम' हा नियमही न्याय्य ठरला नसता. एखादा क्रमांक एकदा बाजारात गेला की लोकांची सवय मोडून तो परत घेणे किती कठीण असते, याचा विचार त्या वेळी व्हायलाच हवा होता.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशाच्या हद्दीतील क्रमांकनाचा अधिकार निःसंदिग्धपणे एफसीसीकडे सोपवला आणि क्रमांकनाचे प्रशासन निःपक्षपाती संस्थेकडे असावे असे बंधन घातले. फेब्रुवारी १९९७ च्या आदेशात आयोगाने व्यापारी माहितीसेवांसाठी हे क्रमांक देणे कंपन्यांवर बंधनकारक करण्यास नकार दिला. राष्ट्रीय पातळीवर नेमून न दिलेले क्रमांक स्थानिक कामासाठी वापरण्यास त्याने मुभा ठेवली, पण गरज पडताच ते सोडण्याच्या अटीवर. त्याच आदेशाने तातडीचे नसलेले पोलीस व शासकीय काम ३११ कडे आले आणि ७११ कर्णबधिरांसाठीच्या रिले सेवेला राखला गेला.

माझ्या मते या साऱ्या निर्णयांत ७११ चा निर्णय सर्वांत मोलाचा आहे. रिले सेवेत कर्णबधिर व्यक्ती आपले बोलणे टंकित करते, मधला सहायक ते वाचून दाखवतो आणि समोरच्याचे उत्तर टंकून परत पाठवतो. १९९० च्या अपंगविषयक कायद्याने ही सेवा देशभर अनिवार्य केली होती, परंतु प्रत्येक राज्याचे रिले क्रमांक वेगळे होते. ज्याला साध्या फोनसाठीही आधी रिले केंद्र गाठावे लागते, त्याने प्रवासात राज्यागणिक नवे क्रमांक शोधत बसावे, ही स्थिती ऑक्टोबर २००१ पासून ७११ सर्वत्र लागू झाल्यावर पालटली.

जुलै २००० मध्ये २११ समाजसेवांच्या माहितीसाठी आणि ५११ वाहतुकीच्या माहितीसाठी दिला गेला. २००५ मध्ये ८११ खोदकामापूर्वी भूमिगत वाहिन्यांची सूचना देण्यासाठी नेमला गेला, तेव्हा त्यावरचा कंपन्यांचा जुना वापर मोडावा लागला.

आठही क्रमांक असे गुंतल्यावर आत्महत्या प्रतिबंधाच्या राष्ट्रीय सेवेसाठी तीन अंक हवेत ही मागणी आली. २०२० मध्ये आयोगाने ९८८ निवडला. हा आकडा '११' च्या साच्यातला नाही. अनेक भागांत तो स्थानिक क्रमांकांचा आरंभ होता, त्यामुळे ९८८ नंतर आणखी चार अंक येणार आहेत की नाही हे यंत्रणेला कळणे शक्य नव्हते, आणि संकटातल्या माणसाला त्यासाठी ताटकळत ठेवणे योग्य नव्हते. म्हणून ऐंशीहून अधिक एरिया कोडांत स्थानिक फोनसाठीही दहा अंक फिरवण्याची सक्ती ऑक्टोबर २०२१ पासून झाली आणि १६ जुलै २०२२ पर्यंत ९८८ सुरू करण्याचे बंधन सर्व टेलिफोन सेवादात्यांवर घालण्यात आले.